नऊ माणसांचा मुक्काम आणि शेगडीची निवड: पन्हाळा–मसाई पठार सहलीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापुरातली शेजारशेजारची दोन कुटुंबं. सगळी मिळून नऊ माणसं: पाच मोठी, तीन शाळकरी पोरं आणि सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. त्यांना सगळे आप्पाच म्हणतात, म्हणून इथेही आप्पाच म्हणतो. बाकीच्यांची नावं आणि मुक्कामाच्या वाडीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. या पाच मोठ्यांत मीही होतो.

बेत डिसेंबरातला होता. पन्हाळ्याच्या राजदिंडी या छोट्या दरवाजातून उतरायचं, म्हाळुंग्याच्या बाजूने मसाई पठारावर चढायचं, पठार ओलांडून पलीकडच्या वाडीजवळ तंबू ठोकायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिथूनच गाडीने घरी परतायचं. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, त्याच वाटेचा हा सुरुवातीचा टप्पा. बरेच लोक ही वाट पावसाळ्यात पावनखिंडीपर्यंत चालतात आणि वाटेतल्या वाड्यांत जेवण-मुक्काम सांगून ठेवतात. आमच्याबरोबर पोरं आणि आप्पा असल्याने पाऊस टाळला आणि अंतरही कमी ठेवलं.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून ठरलेली होती. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता पोरांनी उघड्यावर स्वतः करायचा, मोठ्यांनी फक्त शेजारी बसायचं. वाडीत जेवण सांगणं सगळ्यात सोपं होतं, पण मग सहलीचा हेतूच राहिला नसता. शेगडीचा सगळा प्रश्न इथून सुरू झाला.

अडचण

पहिल्या बैठकीत चर्चा भलत्याच टोकाला सुरू झाली. एकाने मोबाईलवर मुठीत मावणारा बर्नर दाखवला, दुसऱ्याने घडीची शेगडी दाखवली आणि पुढचा तासभर कुठली भारी यावरच बोलणं चाललं. करायचं काय, कशात आणि किती माणसांचं, हे कुणी विचारलंच नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: आधी ताटात काय पडणार ते ठरवावं, मग भांडं, मग जागा, आणि शेगडी सगळ्यात शेवटी. दोन माणसांच्या चहाला उत्तम असलेला बर्नर नऊ माणसांच्या कुकरखाली धोक्याचा ठरू शकतो.

मेनूवरून घरात जरा ओढाताण झाली. कोल्हापूरचं घर असल्याने पहिली मागणी अर्थातच मटणाची, तांबड्या-पांढऱ्यासकट. पण सकाळी घेतलेलं मटण दिवसभर पाठीवर वाहायचं, तेही दुपारच्या उन्हातून, आणि मग परक्या आचेवर तासभर शिजवायचं, यात पोट बिघडण्याची भीती आणि गॅसचा खर्च दोन्ही होते. शेवटी मोठ्या वहिनींनी तोडगा काढला.

"अख्खा मसूर करूया. सकाळी निघताना बाटलीत भिजत घालतो, संध्याकाळपर्यंत टम्म फुगतंय. कांदा-खोबऱ्याचं वाटण घरातनंच परतून घेतो. कुकरला तीन शिट्ट्या, की झालं."

हा निर्णय वरवर स्वयंपाकाचा वाटतो, पण शेगडीचं निम्मं काम त्यानेच सोपं केलं. भिजवलेला मसूर कोरड्यापेक्षा खूप लवकर शिजतो. वाटण आधीच परतलेलं असलं की आचेवर फक्त फोडणी आणि उकळी उरते. पन्हाळ्याची उंची ९५० मीटरच्या आसपास आहे आणि पठारही त्याच डोंगररांगेतलं. एवढ्या उंचीवर पाणी शंभरऐवजी साधारण ९७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यातली डाळ-भात जरा रेंगाळतात. कुकरला हा फरक फारसा जाणवत नाही. म्हणून पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर आणि एक पसरट पातेलं, एवढीच भांडी ठरली. भाकरी थापायला ना जागा, ना तेवढी आच, म्हणून त्या वाडीतल्या एका मावशींना आधीच फोन करून सांगितल्या.

आता प्रश्न नीट मांडता आला. आठ इंची बुडाचा, भरल्यावर पाच-सहा किलोचा कुकर पेलणारी, वाऱ्यात टिकणारी, पोरांच्या हातात देता येईल अशी आणि पाठीवर नेता येईल अशी शेगडी कोणती?

समोर असलेले पर्याय

*तीन दगडांची चूल.* फुकट, ओळखीची, आणि पोरांना सगळ्यात जास्त हवीहवीशी. पण डिसेंबरात पठारावरचं गवत वाळायला लागलेलं असतं आणि वारा असतोच. एक ठिणगी उडाली की वणवा लागतो. त्यात वर्षाचा चारा जातो आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांच्या जागाही जातात. ज्यांच्या रानात तंबू ठोकणार होतो त्या शेतकऱ्याने फोनवरच सांगितलं होतं, "ऱ्हावा की खुशाल, पर जाळ करू नगासा." यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतंच. आधी दाजीपूरकडे जायचाही एक विचार होता. तिथे राधानगरी अभयारण्य आहे, आणि अभयारण्याला धोका पोचेल असा जाळ करायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. म्हणजे चूल तिकडेही बादच होती.

*आप्पांचा पंपाचा स्टोव्ह.* या पर्यायाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरात सगळ्यात जास्त जीव यातच अडकला होता. आप्पांनी माळ्यावरून पितळी स्टोव्ह काढला, चिंचेने घासून लख्ख केला. पंपाचा दांडा ओढला तर हवाच धरत नव्हता. त्यांनी तो उलगडला. आतला चामड्याचा वायसर वाळून कडक झाला होता. त्यावर खोबरेल चोळलं, बोटाने कडा फाकवल्या आणि पुन्हा बसवला. जुन्या बाटलीत थोडं घासलेट शिल्लक होतं ते ओतलं. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरच्या मानेला लावला, नळी तापेपर्यंत थांबले, मग हळूहळू पंप मारला. आधी पिवळी ज्योत भडकली, पिन फिरवल्यावर ती निळी झाली आणि तो घुमणारा आवाज सुरू झाला. पोरं तोंडाचा आ करून बघत होती.

"ह्याच्यावर तुमच्या आज्जीनं पंचवीस माणसांचं जेवण केलंय," आप्पा म्हणाले.

आणि ते खरंच असणार. तांत्रिक बाजूने हा स्टोव्ह सगळ्यात योग्य होता, हे मी मोकळेपणाने सांगतो. तीन पाय पक्के, बूड जड, मोठं भांडं सहज पेलतो, वाऱ्यात आच टिकते, आणि पंपाने दाब आपणच देत असल्याने थंडीचा फारसा परिणाम होत नाही. पण घासलेट आणायचं कुठून? रेशनवरचं निळं घासलेट मिळणं आता जवळपास बंदच झालंय. शिवाय टाकीच्या झाकणाचा वायसर कडक होऊन तिथून बारीक पाझर होता. कुणीतरी पेट्रोलचं नाव काढलं तेव्हा आप्पांनीच त्याला झापलं, कारण घासलेटच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल घालणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. पाझरणारी टाकी पोरांच्या हाती द्यायची नाही, हेही तेच म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, पण निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

*पाच किलोची टाकी.* पेट्रोलपंपावर मिळणारी 'छोटू'सारखी टाकी आणि वर बर्नर. आच घरच्यासारखी, भांडं कितीही मोठं चालतं. भरलेली टाकी दहा किलोच्या वर जाते, म्हणून पाठीवर नेण्याचा प्रश्नच नाही. गाडीने वाडीवर आधी पोचवता आली असती, पण त्यासाठी गाडीची एक जादा फेरी लागत होती आणि पठारावरच्या दुपारच्या चहाची सोय उरतच होती.

*छोट्या सिलिंडरमध्ये किंवा सहलीच्या शेगडीला लागणाऱ्या गॅसच्या रिकाम्या कॅनमध्ये घरचा गॅस भरून नेणे.* "गल्लीत भरून मिळतोय की," असं एकजण म्हणाला. हा पर्याय तिथल्या तिथे बाद केला. घरगुती टाकीतला गॅस असा काढून दुसरीकडे भरणं बेकायदा आहे, ही एक बाजू. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरच्या एलपीजीत ब्युटेनबरोबर प्रोपेन असतो आणि त्याचा दाब निव्वळ ब्युटेनपेक्षा बराच जास्त असतो. ब्युटेनसाठी केलेला पातळ पत्र्याचा, एकदाच वापरायचा कॅन तो दाब सोसण्यासाठी बनवलेला नसतो.

*स्पिरिटचा स्टोव्ह.* हलका आणि साधा. पण स्पिरिटमध्ये एलपीजीच्या मानाने वजनामागे साठ टक्क्यांच्या आसपासच उष्णता असते, आणि उजेडात त्याची ज्योत दिसत नाही. विझला असं समजून कुणी वरून स्पिरिट ओतलं तर भडका उडतो. तीन पोरं असताना नको.

उरले दोन: कॅनच्या डोक्यावर बसणारा स्क्रूचा बर्नर, आणि आडवा कॅन कुशीत घेणारी चपटी, पेटीतली शेगडी.

गच्चीवरची चाचणी

इथे गटाने सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. विकत घेण्याआधी दोन्ही ओळखीच्यांकडून मागून आणल्या आणि रात्री गच्चीवर मांडल्या. वाऱ्याची नक्कल म्हणून टेबल फॅन लावला.

स्क्रूच्या बर्नरचं वजन बेताचंच, शंभरेक ग्रॅम. चहाचं छोटं भांडं त्यावर झकास उकळलं. मग पाणी भरलेला कुकर ठेवला. बर्नरचे तीन हात वीतभरसुद्धा पसरत नव्हते आणि कुकरचं बूड त्यांच्या दुप्पट. त्यात कुकरचा लांब दांडा एका बाजूला ओढत होता. धाकट्याने झाकणाला नुसतं बोट लावलं तर अख्खा मनोरा डोलला. फॅन सुरू केल्यावर ज्योत आडवी झाली, म्हणून एकाने पत्र्याचा आडोसा चारी बाजूंनी लावला. आच सुधारली खरी. थोड्या वेळाने मी खालच्या कॅनला हात लावला तर तो चांगलाच गरम झाला होता. लगेच बंद केलं. अशा बर्नरला पूर्ण गोल आडोसा करायचा नसतो. मोठ्या भांड्याच्या बुडाची उष्णता परतून कॅनवर येते, आडोसा ती कोंडून ठेवतो, आत दाब वाढत जातो आणि कॅन फुटू शकतो.

पेटीची शेगडी दीड-दोन किलोची, पण बसकी. कुकर तिच्यावर घट्ट बसला. कॅन बाजूच्या कप्प्यात असल्याने ज्योतीपासून लांब. मात्र इथेही एक पथ्य आहे: तवा किंवा पातेलं कप्प्यावर येईल इतकं रुंद नको, नाहीतर तोच धोका. वहिनींनी पातेलं ठेवून पाहिलं, ते दोन बोटं कप्प्यावर येत होतं. ते पातेलं बदललं आणि अरुंद पण खोल टोप घेतला. सगळ्या तयारीत ही एवढीशी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली, कारण वाडीवर पोचल्यावर दुसरं भांडं कुठून आणणार?

निर्णय आणि हिशेब

पेटीची शेगडी घ्यायची ठरली. गॅस किती न्यायचा याचा हिशेब पोरांकडूनच करून घेतला. अशी शेगडी पूर्ण आचेवर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस खाते. तीन वेळचा चहा, मसूर, फोडणी, भात आणि सकाळचे पोहे, सगळं मिळून दोन तासांच्या किंचित वर आच लागेल असा अंदाज निघाला. म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. २२० ग्रॅमचे दोन कॅन पुरेसे होते, वाऱ्यासाठी म्हणून तिसरा घेतला.

एसटीत ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाहीत, म्हणून पन्हाळ्यापर्यंत खासगी गाडी केली. पोरांसाठी तीन नियम ठरले आणि ते मोठ्यांनाही लागू होते: शेगडी तंबूच्या आत पेटवायची नाही, कॅन बदलताना आसपास दुसरी ज्योत नको, आणि वास आला तर आधी बंद करून लांब व्हायचं. पहिल्या नियमाचं कारण पोरांना नीट समजावून सांगितलं. बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, आणि माणूस झोपेतच जातो. शिवाय कॅनमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर खालीच साचतो, म्हणजे नेमका अंथरुणाच्या पातळीवर.

प्रत्यक्षात काय झालं

पठारावर दुपारी वारा भन्नाट होता. पहिला चहा उघड्यावर मांडला आणि ज्योत दोनदा विझली. शेगडीच्या कडेची छोटी पत्र्याची भिंत त्या वाऱ्यापुढे काहीच नव्हती. पाणी कोमट होऊन तिथेच थांबलं. हा निर्णयाचा पहिला खरा क्षण होता. एकजण म्हणाला, चादर धरूया भोवतीनं. कापड आणि ज्योत इतकी जवळ नको म्हणून ते नाकारलं. थोडं खाली दगडी बांध होता, त्याच्या आडोशाला शेगडी नेली आणि वाऱ्याच्या एकाच बाजूला सॅका रचल्या, शेगडीपासून हातभर लांब. कॅनच्या बाजूने हवा मोकळी ठेवली. चहा झाला, पण तोवर गॅस बराच वाया गेला होता.

वाडीजवळची जागा खोलगट होती, वारा अडलेला. संध्याकाळचा चहा झाला, मसूर लागला. तीन शिट्ट्यांऐवजी चार केल्या, बाकी अंदाज तंतोतंत. भात शिजत असताना पहिला कॅन संपला. कुकर उतरवला, बटण बंद केलं, सगळ्यांच्या डोक्यावरच्या बॅटऱ्यांच्या उजेडात मोठ्या मुलीने कॅनची खाच शेगडीच्या खुंटीवर बरोबर बसवली, खटका दाबला, वास येतोय का पाहिलं आणि मगच पेटवलं. गच्चीवर हेच तिने पुन्हा पुन्हा केलेलं होतं, म्हणून अंधारात गडबड झाली नाही. मावशींच्या भाकऱ्या आल्या, वर कच्चा कांदा. आप्पांनी दोनदा मसूर मागून घेतला.

सकाळी वेगळाच पेच. रात्री कॅन शेगडीतून काढून ठेवला होता, पण तंबूबाहेर. पहाटेच्या गारठ्यात आणि दवात तो थंडगार पडला. पेटवल्यावर ज्योत मलूल. थोड्या वेळाने तर कॅनवर पाण्याचे थेंब जमले. ब्युटेन शून्याच्या जवळ उकळतो, म्हणजे त्याची वाफ होणं तिथेच थांबत येतं. पहाटे हवा बारा-तेरा अंशांची असली तरी गॅस बाहेर पडताना कॅन स्वतःच आणखी थंड होत जातो आणि दाब पडतो. आमच्यातल्याच एकाने कॅन जरा ज्योतीवर धरायला सांगितला. आप्पा आणि वहिनी दोघंही एकदमच "नाही" म्हणाले. आप्पांनी आपल्या पांघरुणात गुंडाळलेला तिसरा कॅन काढून दिला. त्यांना थंडीतल्या स्टोव्हचे नखरे माहीत होते. तो लावताच आच पूर्ण आली. थंड कॅन दगडावर उन्हात ठेवला. चहा पिऊन होईतो तो हाताला ऊबदार लागायला लागला आणि पोहे त्याच कॅनवर झाले.

निष्पत्ती

नऊही माणसं दोन्ही वेळा पोटभर आणि गरम जेवली, कुणाला भाजलं नाही, रानात राखेचा ठिपका पडला नाही. एक रिकामा कॅन आणि दोन अर्धेमुर्धे कॅन परत आणले. घरी वजन करून पाहिलं तर गॅस सव्वातीनशेच्या अंदाजापेक्षा शंभरेक ग्रॅम जास्त लागला होता. यातला बराचसा पठारावरच्या त्या एका चहाने खाल्ला. तिसरा कॅन नसता तर सकाळचा चहा उन्हं वर येईपर्यंत थांबवावा लागला असता.

स्वयंपाक खरोखर पोरांनीच केला. फोडणीत मोहरी जरा करपली, भात किंचित चिकट झाला. दोन्ही खाल्लं.

पुन्हा करायचं झालं तर

पठारावरचा चहा शेगडीवर करायची गरज नव्हती. घरून दोन थर्मास भरून नेले असते तर वाऱ्याशी झगडा आणि गॅसची नासाडी दोन्ही टळलं असतं. गटात हे सगळ्यांना पटलं, फक्त पोरांना नाही. त्यांच्या मते बांधाआडचा चहाच सगळ्यात भारी होता.

थंडीतल्या मुक्कामासाठी निव्वळ ब्युटेनऐवजी आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला कॅन बरा. आयसोब्युटेन उणे बारा अंशांच्या आसपास उकळतो आणि प्रोपेन उणे बेचाळीसला, त्यामुळे पहाटे आच पडत नाही. मात्र हे मिश्रण बहुतेक स्क्रूच्या कॅनमध्ये मिळतं, आणि तो कॅन पेटीच्या शेगडीत बसत नाही. त्यासाठी जमिनीवर बसणारा, नळीने कॅनला जोडलेला बसका बर्नर घ्यावा लागेल. त्यावर कुकरही डोलणार नाही आणि कॅनही लांब राहील. नऊ माणसांच्या घरगुती सहलीला तेवढा खर्च करावा का, यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही. माझ्या मते कोल्हापूरच्या थंडीला कॅन पांघरुणात ठेवणं पुरेसं आहे.

एक पर्याय मात्र आम्ही फार लवकर सोडला होता: पाच किलोची टाकी. गाडीच्या जादा फेरीचा खर्च नऊ जणांत वाटला असता तर फार नव्हता. पुढच्या वेळी नातेवाईक धरून वीसेक माणसं जमणार आहेत आणि तिथे पेटीची एक शेगडी पुरणार नाही. तेव्हा टाकी आणि मोठा बर्नर आदल्या दिवशीच वाडीवर पोचवायचा, टोप किती मोठा घ्यायचा ते गच्चीवर मांडून ठरवायचं, आणि मटणाचा विषय तेव्हा पुन्हा काढायचा, असं वहिनींनी जाहीर केलं आहे.